गाडीचा विमा: आयडीव्ही म्हणजे नेमकं काय?

समजा, वडवणीची एक कार बीड-परळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला धडकली. विमा किती मिळणार? नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही नाही. फुल विमा असेल तर पॉलिसीवरची आयडीव्ही बघा, म्हणजे कंपनीने धरलेली गाडीची किंमत.

हिशोब सोपा आहे. त्या मॉडेलच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. म्हणजे ८ लाखांची गाडी ४ लाख ८० हजारांवर येते. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या पुढे गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. मग ठरलेली छोटी कपात सोडून आयडीव्हीएवढे पैसे मिळतात.

आता हप्ता कमी बसावा म्हणून आयडीव्ही ४ लाखच लावली, तर? हप्त्यात थोडे वाचतात, पण गाडी गेली तर ८० हजार बुडतात.

किरकोळ क्लेममध्येही प्लास्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे मिळतात. पूर्ण हवे असतील तर झीरो डेप घ्यावं लागतं. आणि हो, आधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरला गाडी दाखवा, मगच गॅरेजवाल्याला हात लावू द्या.

आज पॉलिसी काढा आणि तो आकडा एकदा वाचाच.