पुनःप्रभारणीय विद्युतघट : निवड, वापर आणि विल्हेवाट

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले सिलतरा हे छत्तीसगडमधील प्रमुख औद्योगिक क्षेत्र आहे. स्पंज आयर्न व पोलाद ही त्याची ओळख. या पट्ट्यातील भट्ट्यांत भंगार लोखंडही पुन्हा वितळविले जाते. त्यामुळे भंगाराचे मोल येथील कामगार चांगले जाणतो. मात्र त्याच्याच घरातील विजेरीचे निकामी सेल बहुधा कचऱ्यात जातात.

विद्युतघटांचे दोन प्रकार आहेत. प्राथमिक घट एकदाच वापरता येतो. द्वितीयक घटात बाहेरून विद्युतधारा दिल्यास रासायनिक अभिक्रिया उलट दिशेने होते व घट पुन्हा प्रभारित होतो. घरांत त्याची तीन रूपे आढळतात : इन्व्हर्टरमधील लेड-आम्ल (प्रतिघट २ व्होल्ट), मोबाइलमधील लिथियम-आयन (सुमारे ३.७ व्होल्ट) आणि सेलच्या आकारातील निकेल-मेटल हायड्राइड (१.२ व्होल्ट). कॅडमियम विषारी असल्याने निकेल-कॅडमियम घट मागे पडले.

उपकरणाची विजेची गरज हा निवडीचा निकष होय. विजेरी, कॅमेरा, खेळणी यांत सेल लवकर संपतात. तेथे पुनःप्रभारणीय घटाची जादा किंमत वारंवार वापरातून वसूल होते. भिंतीवरील घड्याळास अत्यल्प धारा लागत असल्याने साधा सेलही दीर्घकाळ पुरतो. वेष्टनावरील ‘मिलिअँपिअर-तास’ हा आकडा क्षमता दर्शवितो. २००० मिलिअँपिअर-तासांचा घट २०० मिलिअँपिअर धारा सुमारे १० तास पुरवितो.

वापरताना जुने व नवे घट एकत्र बसवू नयेत. चार्जर घटाच्या प्रकारास अनुरूप असावा. प्राथमिक घट चार्जरला लावल्यास गळती वा स्फोट संभवतो. फुगलेल्या लिथियम बॅटरीचा वापर तात्काळ थांबवावा.

भारतातील २००१ चे नियम लेड-आम्ल बॅटऱ्यांपुरतेच होते. त्यांची जागा घेणाऱ्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ च्या कक्षेत घरगुती वापराचे सर्व प्रकार येतात. निकामी बॅटऱ्या गोळा करून त्यांवर पुनर्प्रक्रिया करविण्याचे दायित्व उत्पादकावर आहे. त्या जमिनीत पुरण्यास वा जाळण्यास मनाई आहे. ग्राहकानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलकाकडे सोपविणे अपेक्षित आहे.

छत्तीसगडमधीलच कोरबा जिल्ह्यातील कटघोरा लिथियम खाणपट्ट्याचा लिलाव जून २०२४ मध्ये झाला. खाणीतील लिथियम मिळविण्यासाठी जमीन, पाणी व भांडवल लागते. घरातील जुन्या बॅटरीतील धातू मात्र एकदा खणून काढलेलेच आहेत. भंगार लोखंडाप्रमाणेच तेही पुन्हा कामी यावेत, यासाठी निकामी घट कचरापेटीत न टाकणे ही पहिली पायरी होय.