ओट्याशी फुटते वाचा

तीन वर्षांच्या मुलासाठी खेळणी घ्यायला गेलं की दुकानातल्या खोक्यांवर ‘भाषाविकास’ हा शब्द हमखास दिसतो. बटण दाबलं की बोलणारी पुस्तकं, अक्षरं म्हणून दाखवणाऱ्या पाट्या, चित्रांच्या कार्डांचे संच. मुलाला चांगलं बोलता यावं ही पालकांची कळकळ खरी असते, म्हणून ते पैसेही मोजतात. पण त्यासाठी लागणारं बहुतेक साहित्य घरात आधीपासूनच असतं. महाराष्ट्रात हे पाऊणशे वर्षांपूर्वीच करून दाखवलं गेलं आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, खडे आणि काटक्या हीच शिकण्याची साधनं झाली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा वर्ग पाड्यावरच्या अंगणात भरू लागला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तो कुरणात गेला. यात काटकसर होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ओळखीची वस्तू हातात असली की तिच्याविषयी सांगण्यासारखं मुलाकडे काहीतरी असतं. बोलायला सुरुवात तिथून होते.

ऐकणं पुरेसं नाही

नुसती वस्तू भाषा शिकवत नाही. तिच्याभोवती होणारं बोलणं शिकवतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्या मुलांच्या मेंदूचे स्कॅनही घेतले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडतात यापेक्षा मोठ्यांशी त्याचं बोलणं किती वेळा आलटून पालटून होतं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त घट्ट संबंध दिसला. पडद्यावरचं गाणं कितीही गोड असलं तरी मुलाच्या उत्तरासाठी ते थांबत नाही.

म्हणून विचारायची पद्धत महत्त्वाची. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपतं. ‘आता काय करूया?’, ‘हे असं का झालं असेल?’ या प्रश्नांना वाक्य लागतं. विचारल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावं. लहान मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण नेमके त्याच वेळात उत्तर सांगून मोकळे होतो.

क्रियापदांचं घर

चित्रांची कार्डं प्रामुख्याने नावं शिकवतात. क्रिया मात्र करून आणि पाहून कळतात, आणि त्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर श्रीमंत आहे. तांदूळ निवडतात, दाणे पाखडतात, पीठ चाळतात, कणीक मळतात, पोळी लाटतात, ताक घुसळतात, नारळ खवतात, लसूण सोलतात. मुलाला कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं द्या आणि चाललेलं काम बोलून दाखवा: ‘मी मळतेय. तू काय करतोयस?’

मटार सोलणं हा तर अर्ध्या तासाचा पाठच आहे. शेंग फोडायची, दाणे मोजायचे, निसटलेला दाणा शोधायचा. ‘कुठं गेला?’ ‘ओट्याखाली!’ या एका उत्तरात मराठीचं बरंच व्याकरण आहे. ‘ओटा’चं ‘ओट्याखाली’ होतं, ‘डबा’चं ‘डब्यात’, ‘पातेलं’चं ‘पातेल्यावर’. शब्दाचं रूप असं बदलणं मुलं नियम पाठ करून शिकत नाहीत, वापरून शिकतात. बटाटा लपवायचा आणि तो कशाच्या आत, मागे, खाली आहे ते ओळखायचं, एवढ्या खेळात ही सगळी रूपं येऊन जातात.

विशेषणांसाठी कापडी पिशवी घ्या. तिच्यात किसणी सोडून नारळाची शेंडी, वाटी, लोकरीचा गुंडा, दोडका असं काहीही चालेल. न बघता हात घालायचा आणि वर्णन करायचं: खरखरीत, गुळगुळीत, मऊ, गार, खडबडीत. घट्ट झाकणाच्या डब्यांत रवा, राजमा आणि चिल्लर भरून हलवली की सळसळ, खडखड, खणखण असे आवाज ओळखायचे. अक्षरओळखीच्या आधी आवाजांमधला फरक कानाला कळावा लागतो. मग ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधता येतात: कढई, कात्री, कुलूप.

कात्री, गोंद आणि गोष्ट

एकटा उरलेला मोजा हातात घालून त्यावर डोळे रंगवले की बाहुला तयार. आईबाबांशी बोलायला लाजणारं मूलही बाहुल्याशी भरभरून बोलतं. बाहुल्याला काहीच येत नाही असं ठरवावं. त्याला दात कसे घासायचे ते मूल समजावून सांगतं. क्रमाने सांगायची सवय अशीच लागते: आधी, मग, शेवटी.

जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं आणि बिस्किटांची वेष्टनं यांतून घरचं पुस्तक होतं. चित्रं कापायची, जाड कागदावर चिकटवायची, सुईदोऱ्याने पानं आपण शिवायची. प्रत्येक चित्राखाली मूल बोलेल ते वाक्य जसंच्या तसं लिहावं आणि त्याला वाचून दाखवावं. आपण बोललो ते कागदावर टिकतं आणि पुन्हा वाचता येतं, हे त्याला उमगतं. लिहिण्यावाचण्याची ओढ इथून लागते.

मूल ‘मांजर पळाला’ म्हणालं तर टोकू नये. ‘हो, मांजर पळाली! कुठं पळाली?’ असं म्हणावं. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात.

तीन वर्षांखालच्या मुलांजवळ राजमा, नाणी, बटणं, मटार असे घशात अडकण्याजोगे जिन्नस ठेवून दूर जाऊ नये. कात्रीही मोठ्यांच्या नजरेखालीच हवी. दोन वर्षं पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आधी श्रवणतपासणी करून घ्या.

नोकरी करणाऱ्या पालकांना वाटेल, एवढा वेळ कुठून आणायचा? पण यातलं निम्मं काम रोजच्या स्वयंपाकात आणि कपड्यांच्या घड्या घालतानाच होतं. दिवसभर मूल आजीआजोबांकडे किंवा पाळणाघरातल्या ताईंकडे असेल, तर हे खेळ त्यांनाही सांगा. संध्याकाळी ‘आज काय काय केलंस?’ असं विचारण्याऐवजी ‘आजीने आज काय निवडलं, तू काय सोललंस?’ असं विचारून पाहा. ठरावीक गोष्टीविषयी विचारलं की मुलाला सांगायला सोपं जातं.