कॅल्शियम कमी दाखवतंय? आधी खारेपणा मोजा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं प्रवाळ वाढेनासं झालं की पहिला संशय कॅल्शियमवर. किटवर ३३० पीपीएम दिसतं आणि मालक लगेच कॅल्शियम क्लोराइडचा डबा उघडतो. आकडा कमी आला म्हणजे कॅल्शियमच घालायचं, हा या छंदातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज.

समुद्राचा खारेपणा ३५ पीपीटी असताना कॅल्शियम साधारण ४१५ आणि मॅग्नेशियम १२९० पीपीएमच्या आसपास असतं. पाणी २८ पीपीटीवर उतरलं की कॅल्शियम ३३० च्या घरात येतं आणि मॅग्नेशियम हजाराच्या जरा वर. म्हणजे कमी पडलंय ते मीठच! म्हणून रिफ्रॅक्टोमीटर आधी, किट नंतर.

‘समुद्राचंच पाणी आणलंय, त्याची कसली टेस्ट?’ हेही किनाऱ्यालगतच्या गावांत ऐकू येतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी भरलेल्या कॅनमध्ये नदीचं गोडं पाणी किती मिसळलंय, हे नुसतं बघून कळत नाही.

मॅग्नेशियमकडे तर बरेच जण ढुंकूनही बघत नाहीत. प्रवाळाला ते फारसं लागत नाही, हे त्यांचं कारण. लागत नाही हे खरं, पण त्याचं काम वेगळं आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बनू लागले की मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि त्यांची वाढ अडवतं. ते कमी पडलं की कॅल्शियम प्रवाळाऐवजी हीटरवर आणि पंपावर पांढरा थर होऊन बसतं. रोज डोस देऊनही कॅल्शियम आणि अल्कलिनिटी टिकत नसतील, तर मॅग्नेशियम तपासाच.

उलट, कॅल्शियम ४२० आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूक. प्रवाळ सांगाड्यासाठी २० पीपीएम कॅल्शियम वापरतं तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएचने घसरते. म्हणजे ८ वरून थेट ५.२! कॅल्शियममधला तेवढा फरक घरगुती किटच्या चुकीतच बुडून जातो. म्हणून वरचेवर मोजायची ती अल्कलिनिटी.

आता खुद्द किटविषयी. थेंबाथेंबाने रंग गुलाबीवरून निळ्यावर जातो, पण मधे जांभळा येतो आणि तिथेच हात थांबतो. लवकर थांबलात की आकडा खोटाच कमी येतो. निळा झाल्यावर आणखी एक थेंब टाकून बघावा. रंग बदलला नाही तर आधीचाच थेंब शेवटचा. मॅग्नेशियमची काही किटं दोन्ही क्षार एकत्र मोजून त्यातून कॅल्शियम वजा करायला लावतात, त्यामुळे कॅल्शियमची चूक मॅग्नेशियममध्येही उतरते. गोड्या पाण्याचं जीएच किट दोन्हींची बेरीजच दाखवतं, ते इथे बिनकामाचं.

टाकीत नुसते मासेच असतील आणि पाणी नियमित बदलत असाल, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या किटांवर पैसे घालवू नका.