नाशिक ते मुंबई, सात सेंटीमीटर

सहा इंची परावर्ती दुर्बीण म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकाची नेहमीची पहिली दुर्बीण. आरशाचा व्यास 150 मिलिमीटर, नाभीय अंतर 1,200. नाशिकच्या कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर ती आरामात मावते. तिच्याबद्दल बोलताना लांबचे आकडे हमखास निघतात: देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षं दूर, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हे आकडे अफाट आहेतच. मला मात्र त्याहून चक्रावून टाकणारा आकडा नळीच्या तळाशी, काचेवर सापडतो.

प्रतिमा स्वच्छ हवी असेल तर आरशाचा पृष्ठभाग ठरलेल्या आकारापासून हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाहून जास्त ढळता कामा नये. तरंगलांबी 550 नॅनोमीटर, तिचा आठवा भाग 69. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण हजारावा हिस्सा. इतकी काटेकोर अट कशासाठी? प्रकाश आरशापर्यंत येतो आणि तिथूनच उलटा फिरतो, त्यामुळे काचेवरची चूक त्याला दोनदा भोवते.

आता हा आरसा दहा लाख पट मोठा करू. व्यास होईल 150 किलोमीटर; हवाई अंतर मोजलं तर नाशिक ते मुंबई जवळपास एवढंच आहे. नॅनोमीटरचा मिलिमीटर होईल. या प्रचंड परातीचा मध्य कडेपेक्षा सुमारे 1,170 मीटर खोल असेल, आणि एवढ्या पसाऱ्यात ठरलेल्या वळणापेक्षा 7 सेंटीमीटरहून मोठा चढ किंवा खड्डा कुठेही चालणार नाही. खऱ्या वाटेवर कसारा घाट आहे. इथे रस्त्यावरच्या गतिरोधकालासुद्धा जागा नाही.

आणि हे काम माणूस हातानं करतो! पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हौशी मंडळींसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत. एकावर एक दोन काचेच्या चकत्या, मधे पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची चकती पुढेमागे सरकवत राहायचं. ती कडेबाहेर गेली की दाब तिच्या मध्यावर आणि खालचीच्या कडेवर पडतो, म्हणून वरची खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. सुरुवातीच्या 80 नंबरच्या पुडीचा कण सुमारे 0.2 मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या मापात 200 मीटरची टेकडी. तिथून बारीक, आणखी बारीक पूड, मग पिचच्या थरावर सीरियम ऑक्साइडचं पॉलिश. शेवटी गोलीय आकाराचा अन्वस्त करायचा. मध्य जुळवून पाहिला तर त्या दोन आकारांतला फरक कडेला जेमतेम 286 नॅनोमीटर. आपल्या मापात फूटभरही नाही.

एवढं बारीक मोजायचं कशानं? एक बारीक दिवा आणि एक पातं. लेआँ फूको यांनी 1850च्या दशकाच्या अखेरीस दिलेली ही चाचणी आजही घरात करता येते. आरशावर काही सेकंद अंगठा टेकवा, काढा आणि पात्याच्या कडेवरून बघा. बोटाच्या उबेनं फुगलेली काच टेंगळासारखी दिसते आणि काच निवेल तसतशी विरत जाते. नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत दुर्बीण तासभर आधी गच्चीवर ठेवायची ती याचसाठी. घरातल्या उबेतून आलेला आरसा निवेपर्यंत शनीची कडी थरथरत राहते.

पुण्यात 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, तिथली ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. कावसजी नायगमवाला ती सांभाळत. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आपल्या सहा इंचीच्या अकरापटीहून जास्त प्रकाश ती गोळा करी. पण डोळ्याच्या 7 मिलिमीटरच्या बाहुलीशी तुलना केली तर आपला छोटा आरसाही साडेचारशे पट प्रकाश वेचतो.

हा प्रकाश परतवतं कोण? काच नव्हे. किलोभराच्या काचेवर 100 नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा थर असतो. त्याचं एकूण वजन 5 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आरशाचं सगळं आरसेपण एवढ्यात आहे.

आता या दुर्बिणीतून जेमतेम दिसणारा 13व्या प्रतीचा तारा घ्या. त्याचे सेकंदाला साधारण हजार फोटॉन आरशावर पडतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सरासरीनं एक फोटॉन आरशावर आदळतो तेव्हा त्याच्या मागचा अजून 300 किलोमीटर लांब असतो. त्या ताऱ्यापुरती नळी जवळजवळ सदैव रिकामीच, आणि तरीही डोळ्याला तिथे ठिपका दिसतो. नाशिकच्या कॉलेज रोडच्या उजेडात हे हजार फोटॉन बुडून जातात. त्यांच्यासाठी दुर्बीण गाडीत घालून पेठच्या बाजूला, अंधारात न्यावी लागते.