शून्य आलं, फाइल आली नाही

पेण सोडून नागोठण्याकडे निघालं की मध्ये कासू लागतं. तिथल्या एका गोदामाच्या ऑफिसात आमचं एक मशिन होतं. कारखान्यातल्या मेन सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसची 16 एमबीची लॉग फाइल भरली की तिची कॉपी कासूला यायची आणि ती वाचून पुण्याचा स्टँडबाय, म्हणजे त्याच डेटाबेसचा राखीव सर्व्हर, पुढे सरकायचा.

जुलैच्या पावसात रात्री कासूची लाईट गेली. यूपीएसनेही मान टाकली. थोड्या वेळाने सगळं परत चालू झालं. मेन सर्व्हरवर एकही एरर नाही, मॉनिटरवर सगळं हिरवं. सकाळी स्टोअरमधल्या मुलीचा फोन आला, "सर, पुण्याच्या रिपोर्टात रात्रीच्या गाड्याच नाहीत."

कासूचं फोल्डर उघडलं. लाईट गेली तेव्हाची फाइल अर्धवट! कॉपीच्या कमांडने मात्र शून्य परत केलं होतं, म्हणजे काम फत्ते. प्रत्यक्षात मजकूर कासूच्या मशिनच्या मेमरीतच होता, डिस्कवर उतरलाच नव्हता. शून्य मिळालं की पोस्टग्रेस मूळ फाइल सांभाळायला बांधील नसतो. त्याने ती नव्या लॉगसाठी वापरून टाकली होती.

आणि स्टँडबाय गप्प का? लहान फाइल दिसली की तो समजतो, कॉपी अजून चालू असेल, आणि वाट पाहत राहतो. नेहमीच्या लॉगमध्ये त्याची ओळही उमटत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कॉपी चालू असताना तो उगाच कोसळला असता. म्हणून तर खात्री कॉपी करणाऱ्यानेच करायला हवी, हे मी प्रत्येक नव्या पोराला बजावतो.

नवा बेस बॅकअप घेऊन स्टँडबाय पुन्हा उभा केला. मग स्क्रिप्ट बदलली. 'फाइल आधीच असेल तर कॉपी नको' एवढी तपासणी पुरत नाही: अर्धवट फाइल राहिली की पुढचा प्रत्येक प्रयत्न अडतो आणि मेन सर्व्हरची डिस्क भरत जाते. आता फाइल तात्पुरत्या नावाने जाते, डिस्कवर सिंक होते, मगच तिला खरं नाव मिळतं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर मजकूर ताडायचा. जुळला तर शून्य, नाहीतर अपयश आणि ड्युटीवरच्या माणसाला फोन. 2022 साली आलेल्या पोस्टग्रेस 15 मधलं 'बेसिक आर्काइव्ह' मॉड्यूल जवळपास असंच वागतं.

पुढच्या पावसाळ्याआधी भर कॉपीत कासूच्या मशिनची पिन मुद्दाम काढली. मशिन उठलं तेव्हा तात्पुरत्या नावाचा तुकडा तेवढा पडलेला. खऱ्या नावाची फाइल नव्हती. मेन सर्व्हरने ती पुन्हा पाठवली आणि पुणं पुढे सरकलं.