चाळिशीनंतरचा नट

आंबवड्यात नाटकाची तालीम रात्री जेवणं उरकली की सुरू होते. नागेश्वराला आणि झुलता पूल बघायला आलेली माणसं तोवर भोरच्या वाटेला लागलेली असतात. या खेपेला बापाचं काम पन्नाशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याकडे आहे. तोंडाला रंग लागायची त्याची ही पहिलीच वेळ. भाषण चोख पाठ, पण हातांचं काय करावं ते उमगेना. ते मांड्यांना चिकटलेले, आणि वाक्य संपायच्या आत आवाज खाली बसायचा. तालीममास्तरांनी त्याला दोरी वळायला बसवलं. तळव्यांत वाख वळता वळता तो मुलाला बोल लावू लागला. मध्येच हात थांबले, तेव्हा बघणारे सगळे गप्प झाले. तो थांबा त्याला कुणी शिकवला नव्हता.

रंगभूमीवर उशिरा आलेल्या नटाजवळ जगण्याची ही शिदोरी असते. पण नुसत्या शिदोरीवर भागत नाही. डॉ. श्रीराम लागूंचं नाव अशा वेळी हमखास निघतं. कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियात डॉक्टरकी केलेले. १९६९ साली, वयाच्या चाळिशीनंतर, ते पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. ऐकणाऱ्याला हा चमत्कारच वाटतो. पण पुण्यात डॉक्टरकी शिकत असल्यापासून ते नाटकं करत होते. भालबा केळकरांच्या सोबतीनं उभ्या राहिलेल्या पीडीए या हौशी संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं तालमी केल्या. त्यांना उशीर झाला तो पोटापाण्याचा धंदा बदलायला. 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांची लांबलचक स्वगतं म्हणजे घशाची कसोटी. श्वास कुठे घ्यायचा हे ठाऊक नसलेला नट दुसऱ्या अंकातच बसतो. त्रेचाळिशीतल्या माणसानं तो म्हातारा पेलला, तो या मुरलेल्या मेहनतीवर.

मग चित्रपटांत 'पिंजरा'तले गुरुजी आले, 'सामना'तले दारुडे मास्तर आले. निळू फुल्यांच्या हिंदुरावासमोर हे मास्तर मारुती कांबळेचं काय झालं हे पुन्हा पुन्हा विचारत राहतात, आणि त्या चिवटपणानं हिंदुरावाचं साम्राज्य हादरतं. हिंदीत बाप, डॉक्टर, न्यायाधीश अशा चरित्र भूमिका त्यांनी ढिगानं केल्या. १९८२च्या 'गांधी'त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले.

इकडे आंबवड्यात आमच्या नाटकात आईच्या कामाला अजून बाई मिळालेली नाही. वयाची अट नाही. रोज रात्री तालमीला यायची मात्र आहे.