महाविद्यालयाचा खर्च : करसवलत नेमकी कोणाला?

गारगोटी - डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्री मौनी विद्यापीठामुळे भुदरगड तालुक्यातील मुलांना घराजवळ पदवी आणि अभियांत्रिकी पदविका मिळवता येते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी पदवीसाठी मात्र अनेकांना कोल्हापूर, सांगली, पुणे गाठावे लागते. मग शुल्काच्या जोडीला वसतिगृह आणि खाणावळीचा खर्चही येतो. या खर्चावर प्राप्तिकरात सवलत मिळते, एवढे बहुतेक पालकांना ठाऊक असते. ती कोणाला मिळते, हे मात्र हिशेब केल्यावरच उमगते.

मुळात शिक्षणशुल्काची आणि कर्जव्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. नवी प्रणाली 2023-24 पासून आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच लागत नाही. त्यामुळे गारगोटीतील बहुसंख्य शिक्षक, कर्मचारी आणि दुकानदारांना केवळ सवलतीसाठी जुन्या प्रणालीत राहण्याचे कारण उरलेले नाही.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांना 1961 च्या कायद्यातील कलम 80 सी नुसार दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाचे शिक्षणशुल्क वजा करता येते. देणगी, विकास शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च त्यात धरला जात नाही. म्हणूनच पावतीवर शिक्षणशुल्क वेगळे दाखवून घ्यावे. शिवाय दीड लाखाची एकूण मर्यादा नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीनेच बरीचशी भरलेली असते.

कलम 80 ई अधिक उपयोगाचे. त्यात शैक्षणिक कर्जाचे भरलेले सर्व व्याज, कोणत्याही कमाल मर्यादेविना, वजा होते, मुद्दल नाही. वीस टक्के कराच्या टप्प्यातील पालकाने वर्षात 80 हजार रुपये व्याज भरले, तर उपकरासह 16 हजार 640 रुपये वाचतात. मात्र ही मुदत व्याज भरण्यास सुरुवात झालेल्या वर्षापासून आठ वर्षांची असते. शिक्षण सुरू असतानाच व्याज भरू लागल्यास तीही तेव्हाच सुरू होते. कर्ज केवळ मुलाच्या नावावर असेल, तर हप्ते भरणाऱ्या वडिलांना वजावट मिळत नाही. आपल्याकडे अडीनडीला पतसंस्था किंवा पाहुण्यांकडे धाव घेतली जाते. त्या कर्जाचे व्याजही येथे चालत नाही. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या 2025 च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी या तरतुदी कायम आहेत.

बचतीचा विचार करापासून वेगळा केलेला बरा. दहा वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते टपाल कार्यालयात 250 रुपयांत उघडता येते. जानेवारी 2024 पासून व्याजदर 8.2 टक्के ठरवण्यात आला. त्याचा दर तिमाहीस आढावा घेतला जातो. हे व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. उरलेल्या निम्म्याची तरतूद आधीच करून ठेवावी लागते.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना करसवलतीपेक्षा शुल्कसवलत मोठी आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना 2024-25 पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. खुल्या गटातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. माफ झालेल्या शुल्कावर अर्थातच प्राप्तिकराची वजावट मागता येत नाही.